पुसलेल्या भागातले शब्द

गल्लीत तिला सगळे 'दहामिनिटं' म्हणायचे. कॉम्प्युटर कसाही बंद पडलेला असो, तो टेबलावर ठेवता ठेवताच ती म्हणायची, "दहा मिनिटं बसा." आणि बहुतेक वेळा माणूस खरंच दहा मिनिटांत हसत बाहेर पडायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, नीट उभं राहिलं तर डोकं आपटेल अशी. तिचे वडील तिथेच टाइपरायटर दुरुस्त करायचे. ते सावकाश काम करायचे. हिचा हात झपाट्याचा, आणि त्याचा तिला तोरा होता.

एका सकाळी निवृत्त मास्तरांची सून त्यांचा कॉम्प्युटर घेऊन आली. "सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ येते आणि थांबतं. सासरे तापाने झोपलेत. सुरू तेवढा करून द्या."

त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. सुरू करताना कशात जायचं हे विचारणारी यादी पडद्यावर यायची, ती कसल्याशा अपडेटने उखडली होती. पेन ड्राइव्हवरून मशीन उघडायचं आणि तेवढी यादी पुन्हा बसवायची, एवढंच काम. पण डिस्क पाहताना तिला एक मोठा भाग बिननावाचा दिसला. एका सिस्टिमला दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, म्हणून तो रिकामा वाटत होता; दुसरी सिस्टिम कोणी वापरत नसेल असं तिने धरून टाकलं. सून मशीन ठेवून गेली होती, विचारायला कोणी समोर नव्हतं आणि फोन करायचा तिने कंटाळा केला. तो भाग पुसला, जागा जोडली आणि एकच सिस्टिम नव्याने घातली.

ताप उतरल्यावर मास्तर स्वतः दुकानात आले.

"पूर्वी सुरुवातीला विचारायचं ना, कुठे जायचं म्हणून? ते दिसत नाही."

"ती कटकट काढून टाकली, मास्तर. आता थेट सुरू."

"दुसरीत माझे शब्द होते, पोरी."

अकरा वर्षं मास्तर कारागिरांच्या ओट्यावर बसून त्यांच्या धंद्यातले शब्द गोळा करत होते. लोहाराचे, विणकराचे, होडी बांधणाऱ्याचे. कुठल्या हत्याराला काय म्हणतात, लाकूड उलटं तासलं तर त्याला काय म्हणतात. पहिल्या सहा वर्षांच्या चिठ्ठ्या घरी ट्रंकेत होत्या. पुढचं सगळं थेट कॉम्प्युटरवर. दुसरी प्रत नव्हती.

तीन दिवस दुकान बंद ठेवून ती त्या डिस्कवरचा पुसलेला मजकूर शोधत बसली. जुन्या मजकुरावर नवी सिस्टिम बसलेली. हाती लागले ते तुकडे. शब्द आहे तर अर्थ नाही, अर्थ आहे तर तो कशाचा ते कळत नाही. तेवढेच कागद छापून ती मास्तरांच्या घरी गेली.

"काहीतरी बोला तरी," ती म्हणाली. "शिव्या द्या."

"त्याने शब्द परत येणार आहेत का?" मास्तरांनी ते कागद ट्रंकेतल्या चिठ्ठ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "तुला टाइप करता येतं ना चांगलं?"

पुढच्या रविवारपासून तीन वर्षं ती दर रविवारी त्यांच्याकडे गेली; आधी ट्रंकेतल्या चिठ्ठ्या टाइप केल्या. "तुझं माहेर सापडलं म्हणायचं," नवरा चिडवायचा. चिठ्ठ्या संपल्या तेव्हा दोघं कारागिरांकडे पुन्हा फिरू लागले. विणकरीण भेटली, तिने हसत हसत सगळं परत सांगितलं. होडी बांधणारा मात्र वारला होता. त्याचा मुलगा ट्रक चालवत होता. "बाबा मला ओरडताना जे वापरायचे तेवढेच शब्द मला ठाऊक," तो म्हणाला. ते सत्तावीस निघाले. आधी दोनशेच्या वर होते. मास्तरांनी ते नीट लिहून घेतले, त्याचे आभार मानले, आणि रस्त्यात आल्यावर एका भिंतीला हात टेकून उभे राहिले. ती पिशवी धरून शेजारी थांबली.

दुकानात ती आता आधी विचारते, यात काय काय आहे, कोण कोण वापरतं. मग अख्ख्या डिस्कची प्रत काढते, आणि त्यानंतरच हात लावते. "पलीकडे तासाभरात मिळतं," कोणी कुरकुरलं तर म्हणते, "जा की. पण प्रत काढून घेऊन जा."

शेवटी त्या शब्दांचं पुस्तक निघालं, ठरल्यापेक्षा बरंच लहान. प्रस्तावनेत मास्तरांनी लिहिलं होतं की काही शब्द स्वतःच्याच हलगर्जीपणाने हरवले. ते वाचून ती तडक त्यांच्याकडे गेली.

"चूक माझी आणि अंगावर तुम्ही का घेता?"

"प्रत मी ठेवली नाही, ते माझं," मास्तर म्हणाले. "न विचारता पुसलंस, ते तुझं. माझं मी लिहिलं. तुझं तू सांग."

ती सांगते. काम घेण्याआधी, समोर बसलेल्या प्रत्येकाला, अगदी जसं झालं तसं. काही जण ऐकून आपलं मशीन उचलून परत नेतात. ती त्यांना अडवत नाही.