याकोब मंडळी सोडून पळाला नव्हता

आम्ही दोघांनी एकाच दिवशी गाव सोडलं, मी आणि माझ्या आत्याचा मुलगा याकोब. दोघांचीही चर्चचे पाळक म्हणून इंदूरला नेमणूक झाली होती. एसटी सुटेपर्यंत आत्या खिडकीची दांडी धरून उभी होती. "तू थोरला आहेस, ह्याला सांभाळ," एवढंच म्हणत होती. याकोब हसला. "आई, मी मेंढरं राखायला चाललोय आणि तू मलाच राखायला देतेस?"

गावाकडच्या आणि गाव सोडून गेलेल्या माझ्या माणसांनो, त्याच याकोबला तुम्ही आज पळपुटा म्हणता. मी आता म्हातारा झालो. तुमच्यापुढे खरं ते ठेवतो.

इंदूरने आम्हाला पटकन आपलंसं केलं. सकाळी पोहे-जलेबी, बोलण्यात 'भिया' आणि 'अरे यार'. माझ्या चर्चची मंडळी नोकरदारांची होती, बँका आणि शाळांतली. याकोबची मंडळी मिलच्या चाळीतली. त्याची उपासना भोंग्यावर चालायची. पहिल्या पाळीवाल्यांसाठी एक, रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळी.

मग मिल बंद पडली. भोंगा थांबला तरी याकोब जुन्याच वेळांना दोनदा उपासना घेत राहिला. लोक म्हणाले, मालक बदलेल, गेट उघडेल. तरणी मुलं पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत गेली, बापे चाळीच्या ओट्यावर बसून राहिले, आणि एकेक घर रिकामं होऊ लागलं. एकाने त्याला भर उपासनेत विचारलं, "पाळकसाहेब, तुम्ही तर रोज वरच्याशी बोलता. जरा पूछो तो, मिल कब खुलेगी?" सगळे हसले. हे सांगताना याकोबही हसला होता, पण हातातला चहा तसाच राहिला.

हे त्याने सोमवारी सांगितलं. रविवार आटोपला की सोमवार पाळकांच्या सुट्टीचा. त्या दिवशी आम्ही माझ्या ओसरीवर जमायचो. मी, याकोब आणि हिंदी मंडळीचे पाळक मसीहदासजी. कुणी आपलं ओझं सांगितलं की बाकीच्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, अशी रीत होती. आमेन झालं की ती गोष्ट देवाच्या हाती गेली. मग ती पुन्हा काढायची नाही. आम्हाला हे एकमेकांना दिलेलं बळ वाटायचं. याकोबची गोष्ट अशी दर सोमवारी अर्ध्यावर देवाच्या हाती गेली.

शेवटच्या सोमवारी तो बसल्याबसल्या म्हणाला, "दादा, आज प्रार्थना नको. चाळीत कालपासून कुणीच नाही. शेवटचं कुटुंब मी स्वतः स्टेशनवर सोडून आलो. त्यांचं सामान उचललं. मला आता कुणासाठी उभं राहायचं ते कळत नाही. तुम्ही नुसतं ऐका."

"हौसला रखो, भिया," मसीहदासजी म्हणाले, आणि सवयीने त्यांचा हात त्याच्या डोक्यावर गेला. माझाही गेला. आम्ही डोळे मिटले. बरीच लांब प्रार्थना केली, मनापासून केली. डोळे उघडले तेव्हा याकोब आमच्याकडेच बघत होता. त्याने डोळे मिटलेच नव्हते.

"झाली?" त्याने विचारलं. चिडून नव्हे. मग माझ्या बायकोला "येतो वहिनी" म्हणून चपला घातल्या. त्या आठवड्यात तो जालन्याला मेहुण्याकडे गेला. पुन्हा व्यासपीठावर कधी उभा राहिला नाही. मी दोनदा भेटायला गेलो. भाजी कशी आहे, मुलं काय शिकतात, एवढंच बोललो. तिसरं काय विचारावं ते मला सुचलं नाही. आजही सुचत नाही. माणसांना धीर देणं हाच माझा जन्मभराचा धंदा.

मंडळीने त्याला सोडलं, त्याने मंडळीला नाही. सगळ्यांत शेवटी निघाला तो.

तो जालन्याला गेल्यानंतर मी गावी आलो होतो. तुम्ही मला मंडळीच्या देवळात पहिल्या बाकावर बसवलंत, आशीर्वचन द्यायला लावलंत. मी त्याचं नाव काढलं तर कुणीतरी मागून म्हणालं, "पळालेल्याचं कशाला इथं?" मी तसाच हात वर करून आशीर्वचन दिलं. इंदूरला परतताना गाडीत मुलाने विचारलं, "पापा, निवृत्त झाल्यावर गावातच राहणार का?" इंदूरचं घर त्या ओसरीमुळे मला खायला उठतं. आणि गावात मला मान मिळतो, पण याकोबला जागा नाही.