विंगकाकांची कुजबुज

विंगकाका चहासुद्धा कुजबुजत मागायचे. "साखर कमी," एवढंच, तेही समोरच्याच्या कानाजवळ वाकून. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांचे ते प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, अडलेल्या नटाला शब्द पुरवायचा आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. सरकारी नोकरीतून ते निवृत्त झाले, सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून नॉइडात राहायला गेले, पण विंग काही सोडली नाही. त्यांचं खरं नाव मंडळातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. द्यायचा तो फक्त पहिला शब्द. एकदा तालमीत कुणीतरी वैतागून म्हणालं, "काका, पूरी लाइन द्या ना, यार." काका हसले. "पूर्ण वाक्य दिलं तर मग मीच बोललो ना. तू कशाला उभा आहेस तिथे?"

ते नटाच्या तोंडाकडे बघत नसत, मानेकडे बघत. विसरण्याच्या क्षणभर आधी मान ताठ होते, असं त्यांचं म्हणणं. प्रयोगाच्या दिवशी चपला आणि घड्याळ बाहेर काढून ठेवायचे आणि खोकला येऊ नये म्हणून दाढेखाली लवंग धरायचे.

पहाडगंजच्या शाळेत आमच्या तालमी चालत. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे लांबलचक मराठी शब्दापाशी मी अडायचे आणि अडले की गप्पच व्हायचे. काका त्यांच्या संहितेत तिथे पेन्सिलीने ठिपका काढायचे. एकदा मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "तू शब्दाला घाबरतेस की समोरच्या माणसाला?" मी म्हटलं, माणसाला. "मग शब्द पाठ करत बसू नकोस," ते म्हणाले. इतकं सरळ मला कुठल्याही शिक्षकाने विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मंडळाने गणेशोत्सवातलं नाटक पहिल्यांदाच इंटरनेटवर लाइव्ह दाखवलं. त्यासाठी आमच्या सगळ्यांच्या कॉलरला माइक लावले होते; त्यांचा आवाज सभागृहात नव्हे, थेट रेकॉर्डिंगला जायचा. नाटकात मी धाकटी मुलगी होते आणि दुसऱ्या अंकात विंगेला लागून उभं राहून मला भावाशी बोलायचं होतं. समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत चेहऱ्यांच्या जागी फोन धरलेले. माझं सगळं पुसलं गेलं.

"दादा," काकांनी शब्द दिला. पुन्हा दिला. माझ्या तोंडून काही फुटेना. तेव्हा त्यांनी आपला नियम मोडला. "पोरी, श्वास घे. घाबरू नकोस. मी आहे इथे. हं, आता बोल." मी बोलले. सभागृहात कुणालाच काही कळलं नाही. माझ्या माइकने मात्र सगळं टिपलं होतं.

निखिल मंडळाचं चॅनल सांभाळतो. त्याने तेवढाच तुकडा कापला, खाली विनोदी संगीत घातलं, वर हिंदीत लिहिलं, 'असली हीरो कौन?' दोन दिवसांत तो कुठल्या कुठे पोचला. 'दादाजी को ही स्टेज पे भेज दो,' असल्या कॉमेंट्स आल्या. पुढे लोकांनी नुसता काकांचा आवाज उचलला आणि त्यावर ओठ हलवत स्वतःचे व्हिडिओ केले. परीक्षेत कॉपी पुरवणारा मित्र म्हणतोय, "मी आहे इथे." मांजरसुद्धा म्हणतंय. मराठीचा गंध नसलेली माणसं हसत होती.

"काका, तुम्ही वायरल झालात, यार," निखिल मंडळाच्या बैठकीत म्हणाला.

काकांनी एवढंच विचारलं, "म्हणजे प्रेक्षकांना ऐकू गेलं?"

"प्रेक्षकांना? अख्ख्या देशाला."

सगळे हसले. जन्मभर ऐकू न जाण्यासाठी झटलेल्या माणसाला आपण काय सांगतोय, हे तिथे एकालाही कळलं नाही. मला कळलं, आणि मी खाली बघत बसले. त्याच बैठकीत ठरलं की पुढच्या नाटकाचे संवाद स्टुडिओत रेकॉर्ड करायचे आणि रंगमंचावर फक्त ओठ हलवायचे. चुकायचा प्रश्नच नको. "काका, आता तुम्ही समोर बसून मजेत बघा," अध्यक्षबाई म्हणाल्या. पंचवीस वर्षं विंगेत बसलेल्या माणसाचा निरोप एवढ्या एका वाक्यात उरकला.

ते नाटक बघायला काका आले. त्यात मी काम केलं नव्हतं, म्हणून त्यांच्या शेजारी बसले. मध्यंतरात ते उठले. "सफाई आहे," म्हणाले. "पण कुणाच्या मानेत जीव नाही." मेट्रो स्टेशनपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. "तुझं पाठांतर चोख होतं हं त्या दिवशी," ते म्हणाले. "मीच जास्त बोललो." त्यानंतर ते मंडळात आले नाहीत. आता मुलीकडे नागपूरला असतात आणि फोनवर नाटकाचा विषय काढत नाहीत.

गेल्या महिन्यात मी निखिलला गाठलं आणि जन्मात पहिल्यांदा भांडले. ती क्लिप काढून टाक, म्हटलं.

"अगं, तिच्यावरच तर चॅनल चाललंय."

"त्यात मी आहे. मला चालणार नाही."

"बस, एवढंच? आधी सांगायचं ना."

मला वाटलं, जमलं. पाच मिनिटांत त्याने फोन माझ्यासमोर धरला. क्लिप तशीच होती. माझ्या चेहऱ्यावर तेवढा धुरकट ठिपका बसवला होता आणि काका चेहरा नसलेल्या कुणाला तरी सांगत होते, "मी आहे इथे."