मना नको

वाचा, भाषा आणि श्रवणदोषांच्या अभ्यासक्रमाचं तिसरं वर्ष लागलं, तेव्हा मी पहिल्यांदा खऱ्या पेशंटसमोर बसले. दोहातल्या आमच्या विद्यापीठाचं एक लहानसं क्लिनिक होतं. आमच्या लेबनीज प्राध्यापिका पेशंट तपासायच्या आणि आम्ही विद्यार्थिनी भिंतीला टेकून टिपणं काढायचो.

त्या दिवशी आलेले गृहस्थ पन्नाशीचे होते. हमद पोर्टवर क्रेन चालवायचे. पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं थांबलं. तपासणीच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असा नियम होता, म्हणून त्यांची बायको दाराबाहेर बसली होती. आत हिंदीचे दुभाषे होते, केरळचे, फार सौम्य माणूस.

प्राध्यापिका एकेक चित्र पुढे ठेवत होत्या. इग्लू, गेंडा, निवडुंग. दुभाषे विचारत होते, "ये क्या है?" गृहस्थ खिडकीकडे बघत राहिले. आठव्या की नवव्या चित्राला त्यांनी डाव्या हातानं कार्ड बाजूला सारलं आणि काहीतरी पुटपुटले. दुभाष्यांनी मान हलवली. "कुछ नहीं मॅडम, सिर्फ आवाज़ है."

प्राध्यापिकांनी तसं लिहून घेतलं. मीही अर्धं लिहिलं आणि थांबले. कारण मला ते नीट ऐकू आलं होतं. ते म्हणाले होते, "मना नको." अम्मी दुसरी भाकरी वाढायला आली की ताटावर हात धरून अब्बा हेच म्हणतात.

मी हात वर केला. सांगितलं की हा नुसता आवाज नाही, ही रत्नागिरीकडच्या मुसलमानांची बोली आहे, आमच्या घरची.

"मग तू विचार त्यांना," प्राध्यापिका म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या.

मी त्यांच्या जागी बसले. काय विचारायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण मी शाळेत गेल्यापासून घरात अम्मी आमच्या बोलीत बोलायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची. पंधरा-सोळा वर्षं असंच चाललं होतं. समजायचं सगळं, बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. मी तोंड उघडलं आणि आली ती हिंदी. "चाचा, आपको क्या नहीं चाहिए?" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं. सगळ्या वर्गादेखत माझे कान तापले.

संध्याकाळी बिन महमूद भागातल्या आमच्या घरी आले. अम्मी ओट्याशी मासे साफ करत होती. मी तिला झालेलं सांगितलं आणि म्हणाले, "टीच मी." ती हसली नाही. हात धुऊन माझ्यासमोर बसली.

"चार वर्सांची व्हतीस तवा असांच बोलायचीस," ती म्हणाली. "मंग शालेत गेलीस नि खलास."

आठवडाभर ती मला शिकवत होती. मी वाक्य म्हणायची, ती म्हणायची, "नाय गो, असां नाय," आणि मी पुन्हा म्हणायची. विद्यापीठात मी जिभेच्या सतरा हालचाली पाठ केल्या होत्या, पण घरातलं एक वाक्य न अडखळता येत नव्हतं. इग्लूच्या जागी काय दाखवायचं तेही अम्मीनंच सुचवलं. सूप, विळी, होडी, माड, मासे. मी नेटवरची चित्रं छापून एका वहीत चिकटवली.

पुढच्या आठवड्यात मी वही उघडली. होडीचं चित्र त्यांनी बराच वेळ बोटानं चाचपलं, पण शब्द आला नाही. माडाला नाही, सुपाला नाही. मग माशाचं पान आलं. मला वाटलं पहिला शब्द आपण द्यावा, म्हणून मी बोट ठेवून म्हटलं, "सुरमय."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. ओठ दोनदा जुळले, सुटले.

"बां... बांगडा," ते म्हणाले. आणि माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का.

प्राध्यापिकांनी नंतर विचारलं, चूक मुद्दाम केलीस का? छान पद्धत आहे. मी खरं ते सांगितलं. मला माशांतला फरक कळत नव्हता.

त्यानंतर त्यांच्या बायकोला, चाचींना, आत बसायची परवानगी मिळाली. त्यांच्याकडून कळलं की चाचांच्या वडिलांची होडी होती. चार महिने दर मंगळवारी आम्ही त्या वहीवर बसलो. काही मंगळवारी एकही शब्द यायचा नाही. एकदा त्यांनी वही भिरकावली. एकदा नुसते रडले, आणि मी काय करावं ते न कळून पाण्याचा ग्लास पुढे धरून बसले. तरी शब्द वाढले. मग दोन शब्द एकत्र यायला लागले. हिंदी परतली नाही. क्रेनवरची नोकरीही गेली, आणि व्हिसा संपायच्या आत त्यांनी गावी जायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी चाची म्हणाल्या, "काल हे भावाशी फोनवर भांडले. पागोळीच्या पान्यावरनं. चांगले पाच मिंटां." सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. चाचांनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "बोलत रव."

माझ्या अहवालात ठरलेल्या चाचणीचे गुण जवळजवळ होते तिथेच होते, कारण ती चाचणी हिंदीतच होती. खाली मी त्यांच्या बोलीतल्या शब्दांबद्दल एक वेगळा परिच्छेद जोडला. प्राध्यापिकांनी तो कापला नाही.

पुढच्या मंगळवारी त्याच खुर्चीवर एक नेपाळी गवंडी बसला होता. त्यानं काहीतरी पुटपुटलं. मला वाटलं यात शब्द आहे, पण त्याची भाषा मला येत नव्हती. मी पेन खाली ठेवलं आणि प्राध्यापिकांना विचारलं, त्याच्या खोलीवरचं, त्याच्या गावाकडचं कुणी माणूस बोलावता येईल का?