धोबीपछाड चुकली तेव्हा

माझे बाबा आणि काका दोघंही तरुणपणी कुस्ती खेळायचे. दोघांचेही कान मोडलेले, फुगून आतल्या आत वळलेले. लहान असताना मला वाटायचं, आपल्या घरातल्या पुरुषांचे कान असेच येतात. आपण मुलगी झालो म्हणून सुटलो.

बाबा मोठे. त्यांनी लंगोट आधी सोडला आणि यात्रांमधल्या कुस्त्यांना पंच म्हणून उभे राहू लागले. धामणगाव बढ्याच्या आजूबाजूच्या गावांत त्यांचा शब्द चालायचा, कारण ते कुणाचीही बाजू घेत नसत. हीच गोष्ट आमच्या घराला भोवली. एका यात्रेत शेवटच्या कुस्तीला काका उतरले आणि पंच होते बाबा. काकांनी समोरच्याला उचलून आपटलं, छातीवर बसले आणि दोन्ही हात वर केले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टोप्या उडवल्या. बाबा मात्र मातीला गाल लावून पाहत होते. ते उठले आणि म्हणाले, ‘‘एक खांदा वरच हाय. कुस्ती चालू!’’ काका बेसावध होते. समोरच्यानं तेवढ्यात उलटून त्यांनाच खाली घेतलं आणि त्यांची पाठ टेकवली. बाबांनी निकाल दिला. सख्ख्या भावाच्या विरुद्ध.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. मी तेव्हा शाळेत होते. पुढे माझं शिक्षण झालं, मला बुलडाण्याला शिक्षिकेची नोकरी लागली, तरी ते बंदच होतं.

गंमत अशी की बोलणं सोडून बाकी सगळं चालू होतं. घरं शेजारी शेजारी, दोन्ही घरांना मिळून एकच लांब ओटा. सकाळी बाबा एका टोकाला बसायचे, काका दुसऱ्याला. पेपर एकच यायचा. बाबा वाचून झाला की तो ओट्याच्या मधोमध ठेवायचे आणि आत जायचे; मग काका उठून तो घ्यायचे. आई आणि काकू तर दिवसभर एकमेकींच्याच स्वयंपाकघरात असायच्या. निरोपाचं काम दोन्ही घरांतल्या आम्हा मुलींकडे होतं. शेताच्या बांधावर, म्हणजे आमच्याकडच्या धुऱ्यावर, उभं राहून बाबा मला म्हणायचे, ‘‘तुह्या काकाले सांग, मोटर बंद कर म्हणा, पाणी धुऱ्यावरून वाहून राह्यलं.’’ काका चार हातांवर उभे. त्यांनी सगळं ऐकलेलं असायचं. तरी मी निरोप सांगेपर्यंत ते हलत नसत.

गेल्या वर्षी काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. माझ्या या चुलत बहिणीचं आणि माझं लहानपणापासून फार गूळपीठ. ती मला म्हणाली, ‘‘ताई, माह्या लग्नात हे दोघं मांडवाच्या दोन टोकाले बसतीन, अन् पाहुणे इचारतीन तर मी काय सांगू?’’

आम्ही दोघींनी मिळून बेत केला. तिनं फोनवर एक हिंदी सिनेमा शोधला होता. दोन भाऊ, दोघंही पैलवान. आईच्या मरणानंतर वेगळे झालेले. वर्षानुवर्षं तोंड पाहत नाहीत आणि शेवटी एकाच आखाड्यात समोरासमोर येतात. एकमेकांना मार मार मारतात आणि मग गळ्यात पडून रडतात. बहिणीनं तो दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा ओढणी ओली केली होती. ‘‘आपले दोघंही विरघळतीन पाह्य तू,’’ ती म्हणाली.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस धरला. पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाल्यावर बाहेर ऊन असं होतं की ओट्यावर पाय टेकवत नव्हता. आमच्याकडे मोठा टीव्ही आणि कूलर. बहिणीनं काकांना धरून आणलं. ‘‘सासरी जाण्याच्या आधी सगळ्यायनं एकदा बसून पिक्चर पाहावा, एवढंच माह्यं मागणं हाय,’’ म्हणाली. काका नाही म्हणू शकले नाहीत. बाबाही पुतणीला नाही म्हणू शकले नाहीत. बाबा खुर्चीवर बसले, काका खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून. मधे आम्ही बायका.

सिनेमा सुरू झाला. आई मेल्याचा प्रसंग आला तेव्हा माझी आई आणि काकू रडल्या. काका पाणी प्यायला उठून गेले. दोन भावांचं भांडण होऊन धाकटा घर सोडतो, तिथं मोठं दुःखाचं गाणं होतं. मी आशेनं बाबांकडे पाहिलं. बाबा घोरत होते. बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना.

शेवटच्या कुस्तीच्या ढोलांनी बाबा जागे झाले. पडद्यावर मोठा भाऊ धाकट्याचा हात धरून वळला आणि पाठीवरून त्याला पुढे आपटायला निघाला. धोबीपछाड म्हणतात ती हीच. धोबी कपडा डोक्यावरून दगडावर आपटतो तसा माणूस आपटायचा. पण नटाचे पाय काठीसारखे ताठ होते.

‘‘गुडघे वाकव ना बे!’’ बाबा ओरडले.

‘‘कंबर खाली घाल ना बे!’’ काका त्याच क्षणी ओरडले.

आईनं काकूचा हात धरला. बाबांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तुह्या काकाले सांग, गुडघे वाकले की कंबर आपोआप खाली जाते म्हणा.’’

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, ‘‘त्यायले सांग, असं काई नसते. गुडघे वाकवून कंबर तशीच राह्यली त माणूस आपल्याच अंगावर येते.’’

‘‘काका म्हणतात की...’’

‘‘ऐकलं मी. इचार त्याले, जानेफळच्या पैलवानाले मी आपटलं तवा कोण होतं बाजूले?’’

‘‘मीच होतो! अन् तवाच सांगतलं होतं, दादा तुही कंबर वर राह्यते म्हणून!’’

हे शेवटचं वाक्य काका माझ्याकडे बघून बोलले नाहीत. सरळ बाबांकडे बघून बोलले. कुणाच्याच हे लक्षात आलं नाही असं आम्ही सगळ्यांनी दाखवलं. काकूनं हळूच टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर ते दोघं भाऊ गळ्यात पडून रडत होते, पण ते पाहायला कुणी रिकामं नव्हतं.

‘‘उठ,’’ बाबा खुर्चीतून उठत म्हणाले. ‘‘दाखवतो.’’

‘‘अहो, वय काय तुमचं!’’ आई ओरडली. ‘‘भाऊजी, तुमी तरी आयका!’’

‘‘वहिनी, तुमी कूलर सरकवा जरासा,’’ काका म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

बाबांनी त्यांचा हात धरला, वळले, गुडघे वाकवले, आणि तिथंच अडकले. काका त्यांच्या पाठीवर मुलासारखे लटकून राहिले. ‘‘दादा, खाली घे बे कंबर!’’ काका हसत हसत ओरडत होते. मग दोघंही सतरंजीवर कोसळले. बाजूला राहिलेलं रसाचं भांडं कलंडलं. माझी बहीण हसून हसून भिंतीला टेकली.

पण बाबा उठले नाहीत. काका उताणे पडले होते. बाबांनी त्यांच्या डाव्या खांद्याखाली हात घातला. ‘‘हे पाह्य,’’ ते म्हणाले. ‘‘माहा पंजा जाते का नाई खाली? त्या दिवशी त्याचा खांदा असाच होता. पंजाभर वर.’’

काका छताकडे पाहत पडून राहिले. ‘‘टेकला होता,’’ ते म्हणाले.

‘‘नव्हता टेकला.’’

‘‘टेकला होता, दादा. मी वरती बसलो होतो, मले समजत नाई का?’’

‘‘अन् मी खाली मातीत तोंड घालून पाहून राह्यलो होतो.’’

आता पुन्हा बिनसतंय असं मला वाटलं. काका उठून बसले. त्यांनी आपली उजवी करंगळी पुढे केली. ती वाकडीच आहे, आम्ही नेहमी तशीच पाहिलेली. ‘‘निकालाचं सोड,’’ ते म्हणाले. ‘‘त्या कुस्तीत हे बोट मोडलं होतं. सारं गाव इचारून गेलं. तू घरी आला, हातपाय धुतले, जेवला अन् झोपला. मले एका शब्दानं इचारलं नाई, लागलं का म्हणून. काऊन?’’

बाबांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, ‘‘मले वाटलं, जवळ आलो त तू मलेच हाणशील.’’

‘‘हाणलंच असतं,’’ काका म्हणाले.

‘‘मंग?’’

‘‘मंग काय? हाणून झाल्यावर बोललो असतो ना!’’

काकू आधी हसली. मग आई हसली, डोळ्याला पदर लावून. बाबांनी काकांची करंगळी हातात घेतली आणि दाबून पाहिली, जशी काल मोडली असावी. ‘‘दुखते का?’’ त्यांनी विचारलं. काका म्हणाले, ‘‘थंडीत दुखते जराशी.’’ तेवढंच. गळ्यात कुणी पडलं नाही. आईनं चहा टाकला आणि दोघांनी तो ओट्यावर, उन्हं कलल्यावर, एकाच बाजूला बसून प्यायला.

लग्न थाटात झालं. मांडवाचे खांब कुठं रोवायचे यावरून दोघं इतके भांडले की मांडववाला वैतागून निघून जात होता. वरातीत दोघांनी मोडक्या कानांवर सारखे फेटे बांधले होते आणि पाहुणे त्यांना जुळे समजत होते. मुलगी गाडीत बसली तेव्हा काका रडले नाहीत, बाबाच रडले; काका त्यांच्या पाठीवर थोपटत होते.

आता दोघांना मारामारीचे सिनेमे बघायचा नादच लागलाय. देशी असो, परदेशी असो, मुक्क्यांची असो की कुस्तीची. भाषा समजत नाही, गोष्टीशी देणंघेणं नाही. फक्त चुका काढायच्या. त्यांच्याबरोबर दुसऱ्या कुणालाही सिनेमा बघता येत नाही. भाऊ भाऊ गळ्यात पडले की काका म्हणतात, ‘‘ढकल पुढं, हे नाई पाह्यचं.’’

मागच्या महिन्यात दोघं मोटारसायकलवर संग्रामपूरकडच्या एका यात्रेत कुस्त्या पाहायला गेले. परत आले ते गाल फुगवून. कुठल्याशा कुस्तीत पाठ टेकली होती की नाही, यावरून वाटेत जुंपली होती. बाबा आपल्या घरात गेले, काका आपल्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती मला फोनवर म्हणाली, ‘‘झालं बाई, पुन्हा सुरू झालं या दोघायचं.’’

मी काही बोलणार, तेवढ्यात फोनमधून काकांचा आवाज ऐकू आला. ते दारातूनच ओरडत होते, ‘‘वहिनी, दादाले म्हणा, भरीत केलं हाय, ये जेवाले. अन् पाठ टेकली होती म्हणा!’’

‘‘नव्हती टेकली!’’ आतून बाबा ओरडले, आणि पाठोपाठ त्यांच्या चपलांचा आवाज आला.