साहेबाच्या भुताचा खेळ

मालवणच्या बाजारातल्या व्हिडिओ हॉलच्या दारात मी पत्रकं वाटत होतो. आतल्या भयपटात मेलेला इंग्रज कप्तान भूत होऊन किनाऱ्यावर राज्य करतो आणि मासे विकणाऱ्या बायका त्याला कोयत्यांनी संपवतात. इतिहासाची ही थट्टा बंद पाडायचीच, असं मी ठरवलं होतं.

एक मासेवाली रिकामी पाटी भिंतीला टेकवून आली. बाजार उरकला की ती रोज याच खेळाला यायची. तिने माझं पत्रक वाचलं आणि त्यालाच हात पुसले.

"खोटां आसा, माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुझ्या खऱ्या इतिहासात आमी खंय आसंव, ता सांग. मगे मी घराक जातंय."

मी माझंच पत्रक वरपासून खालपर्यंत चाळलं. त्यात मासेवाली कुठेच नव्हती.

"मगे बाजूक हो रे झिला. साहेब मरूची येळ झाली."

मी तिच्यामागून आत गेलो. पडद्यावर कोयते उगारले गेले, तेव्हा देवळात गाऱ्हाण्याला साथ द्यावी तशी ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." सगळा हॉल म्हणाला. मीही म्हणालो, आणि मला फार मजा आली.

सिनेमा खोटाच होता, हे मी आजही म्हणतो. पण माझ्या पुढच्या पत्रकात बंदीची मागणी नव्हती. मासे विकणाऱ्या बायकांचा इतिहास लिहा, एवढीच मागणी होती. पहिली प्रत तिला दिली. या वेळी तिने आधी लुगड्याला हात पुसले, मग ती घेतली.