देवाच्या घोडीचं दुखणं

खंडोबाशी मी तोवर कधी भांडले नव्हते. त्या सकाळी मात्र आमच्या सोलापुरातल्या देवळात कपाळाला भंडारा लावून उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. "तुझ्याच घोडीला तुझाच नैवेद्य बाधला, मल्हारी! आता बघत काय बसलास?"

आमची बिजली ही पालखीपुढे चालणारी देवाची घोडी. पालखी निघाली की दारोदारी बायका तिच्या खुरांवर पाणी घालतात, हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवतात. देवाच्या घोडीला नको कसं म्हणायचं? आता मी हात जोडून 'नुसतं पाणी घाला' म्हणते. तेव्हा जीभ रेटली नाही. पालखी झाली आणि बिजलीला पाण्यासारखी हगवण लागली. अंग तापलं, डोळे खोल गेले, वासानं जवळ उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, डाळीनं पोट बिघडलं आणि आतड्यात जंतू माजले. त्यांनी इंजेक्शनं दिली, पण जवळचं सलाइन संपलं होतं. आणखी आणायला ते गेले. घोडीजवळ नवऱ्याला बसवून मी देवळात धावले, ते भांडायलाच.

माझ्यामागे तळी भरायला आलेलं एक कुटुंब रांगेत होतं. त्यातला माणूस पुढं झाला. "ताई, घोडी कुटं हाय? मी माळशिरसचा, जनावरांचा डॉक्टर. सलाइनची खोकी गाडीतच हायत की!"

"पण तुमचं दर्शन?"

"देव हितंच हाय. घोडी थांबायची न्हाय. चला!"

अहो, काय सांगू, अंगावर सर्रकन काटा आला! त्यांनी बिजलीच्या मानेत सुई लावली आणि एकामागून एक बाटल्या चढवल्या. आमचे डॉक्टरही येऊन पोचले. बाटली उंच धरून माझे हात भरून आले, तेव्हा भांडणही आपोआप संपलं. मनात एवढंच आलं, देवा, तुझी आहे. ठेव, नाहीतर ने.

पुढे औषध चालूच राहिलं. आणि एका सकाळी पूजेला निघताना पागेत बघते तर लिदीचे गोळे! घट्ट, वाफाळते, गवताचे! "येळकोट येळकोट जय मल्हार!" मी किंचाळलेच.

शेजारीण धावत आली. "काय झालं गं?"

"बिजलीनं लीद टाकली!"

"व्हय? आन् एवढ्यासाठी बोंबलतीस?" ती पोट धरून हसली. मी मात्र रडत होते. त्या परक्या माणसाला परत भेटून पाया पडावं असं फार वाटतं. हातातला पूजेचा भंडारा मी तिथंच, त्या लिदीवर उधळला. देव रागावला नसेल. घोडी त्याचीच, लीदही त्याचीच.