पाण्यातलं डोकं

माझी मावशी प्रयोगशाळेत कामाला होती. लांबची वस्तू माणसाच्या डोळ्याला कधी दिसते आणि कधी ओळखू येते, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडायची.

"त्यात गणित कसलं? डोळे उघडले की दिसतं!" असं म्हणून तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, मोकळे व्हायचे. मावशी हसून सोडून द्यायची.

एका वर्षी तिच्याकडे समुद्रकिनाऱ्याचं काम आलं. मनोऱ्यावरच्या जीवरक्षकाला पोहणाऱ्याचं डोकं किती लांबून आणि किती वेळात ओळखता येईल, ते सांगायचं होतं. पाण्यात काहीतरी आहे एवढं कळणं वेगळं, ते माणूस आहे हे कळणं वेगळं. उजेड, लाटा, अंतर, सगळं तिने मॉडेलमध्ये घातलं. पण प्रत्यक्ष चाचणीत जीवरक्षकांना ओळखायला तिच्या अंदाजापेक्षा फारच जास्त वेळ लागला.

साहेब म्हणाले, "एखादा आकडा इकडचा तिकडे करा, जुळेल."

"जुळेल हो. पण चुकलं कशामुळे, ते कळायला नको?" मावशी म्हणाली आणि सरळ मनोऱ्यावर जाऊन बसली.

थोड्याच वेळात ती ताडकन उठली. "अहो, तो बघा, बुडतोय!"

जीवरक्षकाने दुर्बीण लावली. "बाई, तो गोळा आहे. पोहायची हद्द दाखवायला सोडलेला."

मावशी ओशाळली. पुन्हा बघू लागली, तर पुन्हा फसली, आणि मग तिला हसूच फुटलं. त्या काळ्या गोल गोळ्यांच्या रांगेत नजर एकेका गोळ्यावर अडखळत होती. तिच्या मॉडेलमधलं डोकं मात्र मोकळ्या पाण्यात एकटंच तरंगत होतं!

तिने ते गोळे मॉडेलमध्ये घातले आणि अंदाज चाचणीच्या जवळ आले. मग तिने सुचवलं, की गोल गोळ्यांऐवजी लांबट, पिवळ्या पट्ट्यांचे तरंगे सोडा. साहेबांनी थोडी कुरकुर केली, पण किनारा सांभाळणाऱ्यांकडे शब्द टाकला, आणि किनाऱ्यावरचे गोळे बदलले.

पुढच्या उन्हाळ्यात जीवरक्षकाचा फोन आला. "बाई, एकाला पेटका आला होता. लांबूनच ओळखलं, वेळेत गाठलं."

"कसा आहे आता?"

"ठणठणीत. उद्या परत पोहायला येतो म्हणतोय, बोला!"

त्या संध्याकाळी मावशी कुंड्यांना पाणी घालताना गुणगुणत होती. सूर तिला कधीच लागला नव्हता. काका खिडकीत बसून ऐकत राहिले.